ड्रमलोरनच्या गादीचा कागद

पिंपरी-चिंचवडला कोणी प्रवासाला जातं का, असं आमच्या साताऱ्यातल्या मंडळींनी मला निघण्याआधी विचारलं आणि परत आल्यावरही विचारलं. निघण्याआधी मी हसून वेळ मारून नेली होती. आता परत येऊन महिना होत आला, आणि मला काही हसता येत नाही. तिथे बघण्यासारखं काय आहे? धुराडी आहेत, भोंगे आहेत, ज्वारीच्या रानात मध्येच उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या लांबलचक शेडी आहेत. पण तीन दिवस मी तिथे हिंडलो आणि जे करून आलो, ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ज्यांना थंड हवेच्या ठिकाणांची वर्णनं वाचायची हौस आहे, त्यांनी हे पान उलटून पुढे जावं.

मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझा पुतण्या मुंबईला एका वकिलाच्या कचेरीत आहे. त्याने लिहिलं, की स्कॉटलंडहून एक म्हातारी बाई येते आहे, तिला पुण्याजवळच्या खेड्यांत हिंडायचं आहे, दुभाष्या हवा. मी उलट टपाली होकार कळवला. आमच्या घरात पूर्वी कुलकर्णीपणाचं वतन होतं. वतन गेलं, दफ्तरं वाळवीने खाल्ली, पण कागदाची कामं आपल्याशिवाय कोणाला जमायची नाहीत ही रग रक्तातून गेली नाही. शिवाय सबंध जन्म इंग्रजी शिकवूनही गोऱ्या माणसाशी सलग दहा वाक्यं बोलण्याचा योग आला नव्हता. खरं सांगायचं तर मी मिरवायलाच गेलो होतो.

देहूरोड

बाईंचं नाव लेडी मार्गारेट. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, पायात पुरुषी बूट आणि डोक्यावर अशी एक हॅट की वाटेतली पोरं मोटारीमागे धावत. भाड्याच्या मोटारीत मागच्या सीटवर त्या ताठ बसत आणि मांडीवर एक जाड पाकीट दोन्ही हातांनी धरून ठेवत. त्या पाकिटात काय आहे ते पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं.

त्यांचं घराणं ड्रमलोरनच्या अर्लांचं. अर्ल म्हणजे आपल्याकडचे मोठे जहागीरदार समजा. मूळ पुरुषाने म्हणे पळत्या राजाला पाठीवर घेऊन पुरातून नदीपार नेलं, म्हणून ही पदवी मिळाली. पुढे एका पणतूने चुकीच्या राजाची बाजू धरली. त्याचं मुंडकं गेलं आणि पदवीही गेली. तीन पिढ्या घराण्यात नुसती नावाची माणसं उरली. मग एका सुनेने जुन्या सनदांची लोखंडी पेटी घोड्यावर लादून दरबार गाठला आणि सहा वर्षं उंबरे झिजवून पदवी परत आणली.

"आमचं सगळं घराणं त्या पेटीवर उभं आहे," बाई म्हणाल्या. "तलवारीवर नाही."

घराण्यात दोन पदव्या होत्या. धाकटी फक्त मुलग्याला मिळे, ती एका पिढीत मुलगा नसल्याने केव्हाच बुडाली. मोठी, अर्लची, मात्र मुलगा नसेल तर मुलीलाही मिळे. हे ऐकून मी चकित झालो. आमच्याकडे कुलकर्णीपण काय किंवा पाटीलकी काय, मुलीकडे गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. दत्तक घेतील, पण मुलीला देणार नाहीत.

बाईंचा थोरला भाऊ, म्हणजे शेवटचा अर्ल, गेल्या हिवाळ्यात निपुत्रिक वारला. त्याच्या टेबलाच्या चोरकप्प्यात धाकट्या भावाचं, अलास्टरचं, एक पत्र निघालं. अलास्टर महायुद्धात देहूरोडच्या छावणीत होता आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मारला गेला. पत्रात लिहिलं होतं: मी इथे लग्न केलं आहे, पलटणीच्या पाद्रीने लावलं, बायकोचं नाव भागा, लग्नाचा कागद तिच्यापाशी आहे, आणि मूल होणार आहे. थोरल्याने ते पत्र पंचवीसहून जास्त वर्षं दाबून ठेवलं होतं.

"का?" मी विचारलं.

"कारण ती भागा होती," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

एडिंबरोच्या वकिलाने सांगितलं होतं, की नुसत्या पत्रावर भागायचं नाही. पाद्रीच्या सहीचा कागद पाहिजे. तो मिळाला तर अलास्टरचं मूल गादीचं वारस, मग मुलगा असो की मुलगी. नाही मिळाला तर बाईंच्या मागे घराण्याचं नाव मिटलं.

छावणीतल्या बराकींजवळ आम्हाला एक म्हातारा रखवालदार भेटला. पाद्रीही त्याच पलटणीबरोबर गेला होता आणि त्याचं दफ्तर वाटेत बुडालेल्या बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेलं, एवढं त्याला ठाऊक होतं. नोंदीची नक्कल वर पाठवायची राहून गेली होती, हे मुंबईच्या वकिलाने आधीच शोधलं होतं. म्हणजे सगळ्या जगात एकच कागद उरला होता, आणि तो भागाबाईंपाशी होता.

पुनावळे

रखवालदाराने सांगितलं, की त्या काळी छावणीला दूध आणि सरपण पुनावळ्याचे पाटील पुरवत. त्यांना भागाचा ठावठिकाणा माहीत असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी पुनावळे गाठलं. वाटेत पहिली पाळी सुटली आणि सायकलींचा असा लोंढा आला, की आमची मोटार अर्धा तास जागची हलली नाही. प्रत्येक हँडलला डबा आणि प्रत्येक पाठीवर घामाचा नकाशा. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि चारशेनंतर नाद सोडला. एका कामगाराने हॅट बघून खिडकीत तोंड घातलं, "आजीबाय, फ्याक्टरी घ्यायला आलाय का?" मी भाषांतर केलं नाही.

पाटलांनी आम्हाला ओसरीवर घोंगडं अंथरून बसवलं. हुलग्याचं माडगं आणि भाकरी पुढे केली. बाईंनी भाकरी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, आमच्याकडे ओटच्या पिठाची अशीच करतात, फक्त ती खायला याहून जास्त दात लागतात. पाटलांना हे फार आवडलं.

अर्ल म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं. पाटील मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "म्हंजी आमच्यावानीच. आमची पाटीलकी सरकारनं काढून घेतली. कागुद आला, आजपासनं तुमी पाटील न्हाई. मी त्यो कागुद घडी करून ठिवलाय. गाव मला पाटीलच म्हनतंय. कागदानं काय हुतंय, मास्तर?"

भागाबाईंचं नाव काढल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला.

"ती व्हय? हाय की. काळेवाडीला असती पोरीसंगं. सायबानं ठिवल्याली बाई. सगळ्या गावाला ठावं हाय."

"लग्न झालं होतं असं पत्रात आहे," मी म्हणालो.

पाटील मोठ्याने हसले. "अवो मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तसल्यांच्या बायांशी सायेब लगीन लावत्यात व्हय? दाखवा म्हनावं कागुद."

आत्ताच कागदाला काही किंमत नाही म्हणणारा हा माणूस दुसऱ्याच श्वासाला कागद मागू लागला. मला ते खटकायला हवं होतं. पण मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो, हे आज कबूल करतो. बाईंनी विचारलं, ते का हसले? मी सांगितलं, त्यांना पत्ता माहीत आहे.

काळेवाडी

तिसऱ्या दिवशी दुपारी पवना ओलांडून काळेवाडीत शिरलो. विटांच्या भिंती, वर पत्रे, दारासमोर एकेक रांजण, आणि सगळीकडे औषधांच्या कारखान्याचा आंबूस वास. भागाबाईंचं घर नदीच्या अंगाला, दोन खणांचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली कोनाड्यात ताज्या झेंडूचं एक फूल.

भागाबाई दारात आल्या. हिरवं नेसू, कपाळ मोकळं, हात राठ. मी आलेल्या बाईंचं नाव सांगताच त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. मग उठून त्यांनी बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "नाक त्येच हाय." दोघी रडल्या. मला दुभाष्याचं काहीच काम पडलं नाही.

मुलगी साडेतीनला पाळीवरून आली. यशोधरा तिचं नाव. सत्तावीस वर्षांची, सावळी, साडीचा पदर घट्ट खोचलेला, आणि डोळे घारे. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग पाकिटातून अलास्टरचा फोटो काढून त्यांनी तिच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण डोळे कोर्टात चालत नाहीत."

मी भाषांतर करण्याआधीच यशोधरा खिन्नपणे हसली. मला वाटलं, बाईंच्या आवाजावरून ओळखलं असेल.

"यमू, ही तुजी आत्या," भागाबाई म्हणाल्या. यशोधरा हे नाव दीक्षेच्या वेळी घेतलेलं. त्याआधी ती यमुना होती, आणि आईच्या तोंडात अजून यमूच होती. आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते, हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मला यायला सत्तावीस वर्षं उशीर झाला.

मी यशोधराला सगळं समजावून सांगितलं: पदवी, पेटी, पाद्री, कागद. शाळेत पोरांना सांगावं तसं, सावकाश, सोपं करून. कंपनीत काम करतेस ना, म्हणून विचारलं, ती हो म्हणाली, आणि काय काम हे मी विचारलं नाही. झाडलोट नाहीतर डबे भरणं असणार, असं मी धरून चाललो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गादीबिदी मला नको मास्तर. मला फक्त कागद पाहिजे. आईला हे लोक काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले. नळावर, दुकानात, माझं लग्न ठरत आलं तेव्हाही. दोन ठिकाणं त्याच्यापायी मोडली. आईनं कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. एकदा तो कागद त्यांच्या तोंडासमोर धरता आला पाहिजे, एवढंच."

"कागद आहे कुठे?" मी विचारलं.

"आई म्हणते पाद्रीकडेच राहिला."

पण अलास्टरच्या पत्रात कागद बायकोपाशी आहे असं स्वच्छ होतं. मी भागाबाईंकडे पाहिलं. त्या चुलीकडे बघत होत्या.

वेळ काढावा म्हणून बाईंनी भिंतीवरच्या तसबिरीबद्दल विचारलं. ते ऐकून यशोधरा खुलली. दीक्षेच्या वर्षी ती तेरा वर्षांची होती. वस्तीने ठरवलं, की जुने देव नदीत सोडायचे. देव्हारे घराघरांतून बाहेर निघाले. म्हातारी माणसं कचरत होती, पाप लागेल म्हणत होती. "सगळ्यांत आधी मी उचलली आमची टोपली," ती म्हणाली. "आई कामावर होती. देव्हाऱ्यात होतं नव्हतं ते सगळं, टाक, घंटा, कुंकवाचे डबे, सगळं टोपलीत घातलं आणि छातीभर पाण्यात जाऊन उपडं केलं. मागे वळून बघितलं नाही. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. माझ्या मागून सगळी वस्ती आली." हे सांगताना तिचा चेहरा तेरा वर्षांच्या मुलीचा झाला होता. बाईंनी तिचा हात थोपटला.

भागाबाई उठल्या. "मास्तर, जरा नदीकडं या," म्हणाल्या.

बाभळीखाली उभं राहून त्यांनी मला सांगितलं, तेही पाण्याकडे बघतच.

"कागुद माज्यापाशीच हुता. मला काय वाचता येतंय? सायेब म्हनला, जितं तुजी लाखमोलाची वस्त ठिवतीस तितं ठिव. माजी लाखमोलाची वस्त म्हंजी देव. कुक्वाच्या डब्यात घडी करून घातला, डबा टाकांच्या खाली. त्या दिशी कामावनं आले तर देव्हारा रिकामा. पोरगी दारात हुबी, चिंब भिजल्याली, आन असं त्वांड केल्यालं जनू राज जितलंय. म्हनली, आई, आपुन मोकळं झालो." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "तिचं त्वांड बगितलं आन मी गप बसले. दुसऱ्या दिशी पान्यात चाचपलं. दोन टाक घावले. डबा न्हाई घावला."

"चौदा वर्षं तुम्ही हे कोणालाच सांगितलं नाहीत?"

"कुनाला सांगू? तिला कळलं तर ती जल्मभर सवताला खाईल. त्या दिसाबिगार दुसरं काय हाय तिच्यापाशी? लोकं मला म्हनत्यात ते म्हनूंद्या, माज्या कानाला सवय हाय. मास्तर, शबुद द्या. बाईस्नी सांगायचं तर मोटारीत बसल्यावर सांगा. हितं न्हाई. घरात न्हाई."

मी शब्द दिला. आणि मनात म्हटलं, बिचारी उगाच भिते आहे. इंग्रजीत सांगितलं म्हणजे झालं की.

त्या दूध आणायला शेजारी गेल्या. मी आत आलो. यशोधरा स्टोव्हला पंप मारत होती. चहा माझ्यासाठीही होता, आणि या घरातला चहा आपण बेलाशक घेणार आहोत म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. बाईंनी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

आणि मी सांगितलं. तिथेच, यशोधरापासून दोन हातांवर उभा राहून. पल्लेदार इंग्रजीत, डबा, टाक, टोपली, नदी, काही न गाळता. 'मुलीला हे कळता कामा नये' हेसुद्धा सांगितलं. आपलं इंग्रजी किती सफाईने चाललं आहे याचं मला भान होतं. दुसरं कसलंही नव्हतं.

पंपाचा आवाज थांबला होता. बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी वळलो. यशोधरा स्टोव्हसमोर तशीच बसून होती. हातातली पेटती काडी बोटांपर्यंत जळत आली तरी तिने ती टाकली नाही. मग टाकली, दुसरी ओढून स्टोव्ह पेटवला. आणि स्वच्छ, माझ्याहून कितीतरी सहज इंग्रजीत बाईंना म्हणाली, "मला हे समजलं असं माझ्या आईला कृपा करून कळू देऊ नका."

नंतर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "मी कंपनीत टेलिफोनवर असते मास्तर. दिवसभर इंग्रजीच बोलते. तुम्ही विचारलं नाहीत."

तिच्या बोलण्यात राग असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. ती नदीच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होती. तीस वर्षं मी ती भाषा शिकवली, आणि काळेवाडीतल्या पत्र्याच्या घरात ती कोणाला येत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाटील निदान तोंडावर हसले होते. मी चहा घेणार होतो.

भागाबाई दूध घेऊन आल्या. बाईंचे डोळे पाहून त्या दचकल्या. "का वो रडत्यात? यमू, काय म्हनत्यात बाई?"

यशोधराने आईच्या हातातलं भांडं घेतलं, दूध आधणात ओतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "काही नाही गं. कागद पाद्रीकडेच बुडाला, असं मास्तर सांगत होते. त्याचं वाईट वाटलं त्यांना."

"व्हय, व्हय, पाद्रीकडंच," भागाबाई घाईघाईने म्हणाल्या. आम्ही चौघांनी चहा घेतला.

निघताना बाईंनी मांडीवरचं पाकीट उघडलं, अलास्टरचा फोटो भागाबाईंना दिला आणि पत्र यशोधराला. मी म्हणालो, पत्र देऊ नका, वकिलाला लागेल. त्या म्हणाल्या, आता वकिलाचं काम संपलं. एवढ्या राजांमधून वाचलेलं ते घराणं काळेवाडीच्या दोन खणांत संपलं, आणि संपवणाऱ्या मुलीचा त्यात तिळभर दोष नव्हता. तिने त्या दिवशी जे टाकलं ते टाकण्यासारखंच होतं. त्यात कागद होता, एवढंच.

आता त्या घरात दोघीजणी राहतात. आई मुलीपासून एक गोष्ट लपवते, आणि मुलगी तीच गोष्ट आईपासून. तिचा तो एक हलका दिवस मी अर्ध्या मिनिटात हिरावून घेतला, आणि तो परत द्यायला माझ्यापाशी काही नाही. मी सकाळी उठतो तेव्हा हेच आठवतं. रात्रीही तेच. कोणी समजूत घालायला येऊ नये.

मोटार सुरू झाली तेव्हा भागाबाई धावत खिडकीशी आल्या. आत हात घालून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मुलगी दारात उभी होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "लई उपकार झाले मास्तर. शबुद पाळलात."

मी मान डोलावली.